एक बाटली, तीन तोंडे

दातांवर आपल्या पूर्वजांनी जितक्या म्हणी रचल्या, तितकी त्यांची निगा मात्र राखलेली दिसत नाही. दात आहेत तेव्हा चणे नाहीत आणि चणे आहेत तेव्हा दात नाहीत, असे एकदा ठरवून टाकले की मग साठीनंतर ताकात भात कालवून गिळायला माणूस मोकळा! कडुनिंबाची नाहीतर बाभळीची काडी, कोळशाची पूड, चिमूटभर मीठ आणि बायकांसाठी मशेरी, एवढ्यावर पिढ्यान्‌पिढ्यांची दंतसेवा उरकली. दाढ दुखू लागली तर लवंग ठेवायची, फारच दुखली तर उपटून टाकायची. आमच्या आजोबांची कवळी रात्री पाण्याच्या पेल्यात पहुडलेली असे आणि आम्ही पोरे तिला भिऊन त्या खोलीत अंधारात जात नसू.

आताची गोष्ट निराळी. आता दात पडला की त्याच्या जागी हाडात स्क्रू बसवतात आणि त्या स्क्रूवर नवी दाढ चढवतात. वाकडे दात तारेने ओढून सरळ करतात. विमाने आणि अग्निबाण ज्या धातूंतून घडवतात त्यांतला एक माणसाच्या जबड्यात जाऊन बसला आहे आणि तिथे बसून तो इमानेइतबारे चकली फोडतो आहे. त्या धातूचे नाव टायटॅनियम.

आमच्या डोंबिवलीच्या घरात हा धातू तीन तोंडांत आहे. माझ्या खालच्या डाव्या जबड्यात एक स्क्रू आहे, ज्याला दंतवैद्य 'इम्प्लांट' म्हणतात. माझ्या नातीच्या दातांना तारा लावल्या आहेत. तिचे वय पंधरा, तेव्हा त्या तारांचे दुःख तिला माझ्या स्क्रूपेक्षा फार मोठे. तिसरे तोंड अण्णांचे. अण्णा माझे थोरले बंधू. वहिनी गेल्यापासून ते आमच्याकडेच असतात. त्यांच्या तोंडात दोन इम्प्लांट आहेत, आणि त्यांच्या तोंडाची कथा जरा दुःखाची आहे. ती पुढे येईलच.

या तीन तोंडांसाठी बेसिनवरच्या फळीवर एक बाटली असते. निळ्या रंगाचे, पुदिन्याच्या वासाचे, चूळ भरण्याचे औषध. ज्याला घरातले सगळे 'माऊथवॉश' म्हणतात. एके दिवशी नातीने त्या बाटलीवरचा बारीक मजकूर वाचला आणि मला विचारले, "आजोबा, यात फ्लोराइड आहे. फ्लोराइड टायटॅनियमला खातं म्हणे! मग तुमच्या स्क्रूचं काय होणार?"

प्रश्न तिने गमतीने विचारला होता. पण मी त्याला हसण्यावारी नेऊ शकलो नाही, कारण माझी सारी नोकरी एका कॉस्टिक सोड्याच्या कारखान्यात रसायनतज्ज्ञ म्हणून गेली आणि या धातूशी माझी ओळख जबड्यात स्क्रू बसण्याच्या कितीतरी आधीची आहे.

ही ओळख वाचकांना थोडी करून दिली पाहिजे. १७९१ साली इंग्लंडच्या कॉर्नवॉल भागात विल्यम ग्रेगर नावाच्या एका धर्मोपदेशकाला ओढ्याकाठच्या काळ्या वाळूत एक अनोळखी द्रव्य सापडले. चार वर्षांनी, १७९५ मध्ये, जर्मन रसायनशास्त्रज्ञ क्लाप्रोट याला तेच द्रव्य दुसऱ्या एका खनिजात आढळले आणि ग्रीक पुराणातल्या टायटन नावाच्या राक्षसांवरून त्याने त्याला 'टायटॅनियम' हे नाव दिले. तशी काळी वाळू आपल्याकडेही आहे. केरळातल्या चवऱ्याची वाळू त्यासाठी प्रसिद्ध आहे, आणि आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावर काळबादेवीच्या बाजूला ओहोटीच्या वेळी जे काळे पट्टे दिसतात, त्यांतही टायटॅनियमचे खनिज असते. वाळू मुबलक, पण तिच्यातून धातू मोकळा करणे महाकठीण! शुद्ध धातू हाती यायला १९१० साल उजाडले, आणि तो कारखान्यात काढण्याची क्रोल यांची रीत १९४० च्या सुमारास आली.

या धातूचा सारा पराक्रम त्याच्या कातडीत आहे. टायटॅनियम मुळात शांत स्वभावाचा नाही. प्राणवायू दिसला की तो त्याला तत्क्षणी कवटाळतो, आणि त्या मिठीतून धातूच्या अंगावर ऑक्साइडचा एक पापुद्रा तयार होतो. हा पापुद्रा फक्त काही नॅनोमीटर जाडीचा असतो. आपल्या डोक्यावरच्या एका केसाच्या जाडीत असे दहा-पंधरा हजार पापुद्रे सहज मावतील. पण तो इतका घट्ट आणि इतका अभेद्य असतो, की आतल्या धातूपर्यंत मग काही पोचत नाही. ओरखडा पडला तरी हवेतला किंवा पाण्यातला प्राणवायू घेऊन जखम तिथल्या तिथे भरून निघते. लोखंडाचा गंज लोखंडाला खातो. टायटॅनियमचा गंज टायटॅनियमला राखतो.

आमच्या कारखान्यात क्लोरीन वायू थंड करण्यासाठी टायटॅनियमची यंत्रे होती. ओल्या क्लोरीनपुढे भले भले धातू महिन्याभरात चाळण होतात. टायटॅनियम वर्षानुवर्षे ढिम्म राही. पण तोच क्लोरीन अगदी कोरडा करून टायटॅनियमवर सोडला तर धातू पेट घेऊ शकतो! पाण्याचा अंश असेपर्यंत कातडी शाबूत राहते, तो गेला की कातडी दुरुस्त होत नाही. नव्या माणसाला कामावर घेतले की हा धडा आम्ही पहिल्या दिवशी देत असू. दुसरा धडा असा, की टायटॅनियमच्या आसपास फ्लोराइड येऊ द्यायचे नाही. टायटॅनियमचे सुटे भाग स्वच्छ करायचे झाल्यास नायट्रिक आम्लात थोडे हायड्रोफ्लोरिक आम्ल घालून त्यात बुडवतात. जे काम इतर आम्लांना जमत नाही, ते हे आम्ल काही मिनिटांत करते. पापुद्रा विरघळतो आणि खालचा धातू उघडा पडतो.

तेव्हा नातीचे म्हणणे अगदीच पोरकट नव्हते.

हा धातू माणसाच्या तोंडात कसा शिरला, तीही हकीकत ऐकण्यासारखी आहे. स्वीडनमध्ये पेर-इंग्वार ब्रोनेमार्क नावाचे एक संशोधक १९५२ च्या सुमारास सशाच्या हाडातला रक्तप्रवाह पाहण्याच्या खटपटीत होते. त्यासाठी त्यांनी टायटॅनियमची एक बारीकशी डबी सशाच्या हाडात बसवली. प्रयोग संपल्यावर ती डबी काढायला गेले तर ती निघेना! हाड आणि धातू एकमेकांना असे चिकटले होते की जणू जन्माचे सोबती. दुसऱ्या कुणी डबी फुकट गेली म्हणून कपाळाला हात लावला असता. ब्रोनेमार्क यांनी त्यातून दंतवैद्यकाचे नवे युग काढले. १९६५ साली गोस्टा लार्सन नावाच्या गृहस्थांच्या जबड्यात त्यांनी टायटॅनियमचे स्क्रू बसवले. हे गृहस्थ २००६ साली वारले, तोपर्यंत, म्हणजे चाळीस वर्षांहून अधिक काळ, ते स्क्रू कामावर हजर होते. सरकारी नोकरीतही इतकी सलग सेवा कुणाची होत नाही.

आता दुसऱ्या पक्षाची, म्हणजे फ्लोराइडची बाजू ऐकू. अमेरिकेत कोलोरॅडो स्प्रिंग्ज गावी १९०१ साली फ्रेडरिक मॅके नावाचा तरुण दंतवैद्य व्यवसायाला आला. त्याला दिसले की तिथल्या लोकांच्या दातांवर तपकिरी डाग आहेत, पण त्या डागाळलेल्या दातांना कीड मात्र कमी लागते. कोडे सुटायला तीस वर्षे लागली. १९३१ मध्ये पाण्याची बारकाईने तपासणी झाली तेव्हा त्यात फ्लोराइड सापडले. जास्त झाले तर डाग, बेताचे असले तर दात मजबूत. मग बेताचे म्हणजे किती, याचा शोध ट्रेंडली डीन यांनी घेतला, आणि २५ जानेवारी १९४५ रोजी ग्रँड रॅपिड्स शहराच्या पाण्यात दशलक्ष भागांना सुमारे एक भाग या प्रमाणात फ्लोराइड मिसळण्यास सुरुवात झाली. त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या दातांची कीड निम्म्याहून जास्त कमी झाली. आज बहुतेक टूथपेस्टमध्ये फ्लोराइड असते, ते या शोधाच्या पुण्याईने.

पण 'अति तेथे माती' हे आपल्या लोकांना कुणी अमेरिकेतून येऊन सांगायला नको. आपल्या यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड जिल्ह्यांतल्या कितीतरी गावांत विंधनविहिरीच्या पाण्यात फ्लोराइड प्रमाणाबाहेर आहे. तिथल्या मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे उमटतात आणि वर्षानुवर्षे ते पाणी पिऊन मोठ्या माणसांची हाडे आखडतात. कोलोरॅडोच्या डागांची थट्टा करता येईल. वाकलेल्या पाठीची करता येत नाही. तीच वस्तू एका गावात औषध आणि दुसऱ्या गावात रोग. तेव्हा फ्लोराइड चांगले की वाईट, असा प्रश्न कुणी विचारला तर त्याला आधी 'किती' असे विचारावे. आणि तोंडात टायटॅनियम असेल, तर 'किती' या प्रश्नाला आणखी एक शेपूट जोडावे लागते: 'कोणाच्या संगतीत?'

ही संगत म्हणजे आंबटपणा. औषधी चुळीत फ्लोराइड बहुधा सोडियमच्या जोडीने विरघळलेले असते आणि अशा स्थितीत ते टायटॅनियमच्या कातडीला सहसा हात लावत नाही. पण द्रव आम्लधर्मी झाला की फ्लोराइडचा काही भाग हायड्रोजनशी जोडी जमवून हायड्रोफ्लोरिक आम्ल बनतो. आमच्या कारखान्यातला पापुद्रा खाणारा तो हाच! शाळेच्या पुस्तकात आम्लतेच्या मापाला 'सामू' म्हणतात, शास्त्रज्ञ 'पीएच' म्हणतात. सात म्हणजे साध्या पाण्यासारखे उदासीन. आकडा खाली गेला की आंबट. आणि एकेक आकडा खाली म्हणजे दहादहा पट आंबट. ही दहा पट लक्षात ठेवा, कारण सारी मेख तिथे आहे.

१९९९ साली नाकागावा आणि त्यांच्या जपानी सहकाऱ्यांनी या प्रश्नाचा नीट हिशेब मांडला. फ्लोराइडचे प्रमाण आणि आम्लता बदलत बदलत त्यांनी टायटॅनियमचे तुकडे तपासले. त्यांना दिसले की खरा निकाल एकूण फ्लोराइडवर लागत नाही. तयार होणाऱ्या हायड्रोफ्लोरिक आम्लावर लागतो. ते दशलक्षात सुमारे तीस भागांच्या वर गेले की पापुद्रा टिकत नाही.

हा तिसाचा आकडा हातात आल्यावर मी जुन्या सवयीने कागद-पेन्सिल घेऊन बसलो. रोजच्या चुळीच्या औषधात सोडियम फ्लोराइड बहुधा ०.०५ टक्के असते. म्हणजे फ्लोराइड दशलक्षात सुमारे सव्वादोनशे. सामू सात असेल तर त्यातून बनणारे हायड्रोफ्लोरिक आम्ल दशलक्षात ०.०३ च्या आसपास. तिसापुढे हे म्हणजे हत्तीपुढे मुंगी. सामू पाच झाला तर सुमारे तीन. चार झाला की जवळजवळ तीस, म्हणजे उंबरठ्यावर! आणि साडेतीन झाला की सत्तरच्या वर. बाटली तीच, फ्लोराइड तेवढेच. फक्त आंबटपणा वाढला आणि मुंगीचा हत्ती झाला.

दंतवैद्यांकडे फ्लोराइडची एक जेलीही असते, जी मुलांच्या दातांना वर्षातून एक-दोनदा लावतात. तिचा एक प्रकार मुद्दाम आंबट केलेला असतो, कारण आंबट असताना दाताचे कवच फ्लोराइड लवकर पिते. या जेलीत फ्लोराइड दशलक्षात १२,३०० आणि सामू साडेतीनच्या आसपास. ढोबळ हिशेबाने त्यातले हायड्रोफ्लोरिक आम्ल चार हजारांच्या घरात जाते. ज्याच्या तोंडात नुसते स्वतःचे दात आहेत, त्याला ही जेली वरदान आहे. ज्याच्या तोंडात टायटॅनियम आहे, त्याने तिच्यापासून चार हात दूर राहावे.

एवढा हिशेब झाल्यावर मी नातीकडून शाळेच्या प्रयोगवहीबरोबर आलेली सामू-पट्टी मागून घेतली आणि आमच्या निळ्या बाटलीत बुडवली. रंग सहा आणि सात यांच्या मधला आला. "म्हणजे आजोबा, तुमचा स्क्रू वाचला!" असे म्हणून ती आरशासमोर गेली.

पण माझ्या स्क्रूपेक्षा तिच्या तारेची गोष्ट जरा नाजूक आहे. दात सरकवण्याची तार बहुधा निकेल आणि टायटॅनियम यांच्या मिश्रणाची असते. ही तार वाकवली तरी आपला मूळ आकार आठवून पुन्हा तिकडे वळते, आणि त्या हट्टातच दात ओढले जातात. या मिश्रणाची कातडी शुद्ध टायटॅनियमच्या कातडीइतकी पक्की नसते. आंबट फ्लोराइडने तिच्यावर खड्डे पडले तर तीन गोष्टी होतात. तार खरखरीत होऊन कड्यातून सुखाने सरकत नाही, म्हणजे दात हलायला वेळ लागतो. थोडे निकेल बाहेर पडते, आणि काही माणसांना निकेल सोसत नाही. आणि हायड्रोजन धातूत शिरून तार ठिसूळ होते व अवचित तुटते. म्हणून तारा लावलेल्या मुलांनी फ्लोराइड टाकायचे का? मुळीच नाही! तारेच्या कडेला अन्न अडकते, घासणी पोचत नाही, आणि तार काढल्यावर दातांवर पांढरे चट्टे उरतात. त्यांना फ्लोराइड इतरांपेक्षा जास्तच लागते. फक्त ते उदासीन असावे, आणि कोलाच्या बाटलीवर किंवा लिंबाच्या सरबतावर लगेच चूळ भरू नये. कोलाचा सामू अडीचच्या आसपास असतो. आधी साध्या पाण्याने खळखळून तोंड धुवावे, थोडा वेळ जाऊ द्यावा, मग औषध घ्यावे. नातीने हे सारे ऐकून घेतले आणि कोला सोडण्याविषयी विचार करायला मुदत मागितली.

आता अण्णांकडे येतो.

अण्णा रेल्वेत होते. चाळीस वर्षे त्यांच्या खिशात तंबाखूची डबी होती, आणि तिच्यावरून वहिनींचे व त्यांचे जन्मभर वाजले. वहिनी गेल्यानंतर दोन वर्षांनी अण्णांच्या गालात आतून एक पांढरी जखम उठली. पुढचे सारे वाचकांच्या ओळखीचे असेल; महाराष्ट्रात असे घर विरळाच, ज्याच्या नात्यागोत्यात ही जखम कुणाला झाली नाही. ऑपरेशन झाले, मग सहा आठवडे किरणोपचार झाले. अण्णा त्यातून उठले. पण किरणांनी रोगाबरोबर लाळेच्या ग्रंथीही सुकवल्या.

लाळेची किंमत ती आटल्यावर कळते. लाळ आम्ल धुऊन टाकते, दाताला चुना परत देते, जंतूंना आवर घालते. ती नसली की धडधाकट दात वर्षा-दोन वर्षांत मुळाशी कुरतडले जातात. आणि किरणोपचार झालेल्या जबड्यातून दात काढणे हे साधे काम उरत नाही. तिथले हाड भरून येत नाही, ते सडूही शकते. म्हणून अशा माणसाचा प्रत्येक दात जिवापाड सांभाळावा लागतो. अण्णांना डॉक्टरांनी बजावून सांगितले होते, की रोज रात्री दातांच्या मापाच्या पन्हाळीत फ्लोराइडची जेली भरून ती दहा मिनिटे दातांवर ठेवायची. आयुष्यभर.

अण्णा हे नेमाने करत होते. आणि मग त्यांनी ते बंद केले. कुणालाही न सांगता. आमच्या लक्षात यायला चार महिने गेले. एके सकाळी चहात बिस्किट बुडवून खाताना त्यांचा पुढचा एक दात कडेला टवका उडून पडला, तेव्हा सुनेने त्यांचे तोंड उजेडात पाहिले. हिरडीच्या कडेने दातांवर तपकिरी रेघ चढली होती.

"अण्णा, जेली लावता ना?" मी विचारले.

"नाही लावत," ते म्हणाले. "बागेतल्या मंडळींनी सांगितलं, फ्लोराइडनं टायटॅनियम झिजतं. दोन स्क्रू आहेत माझे. तुझ्या वहिनीनं बांगड्या मोडून बसवून दिलेत ते. ते गेले तर परत या जबड्यात कुणी बसवणार नाही, असं डॉक्टरच म्हणाले होते. दात काय, आज ना उद्या जायचेच."

मी काही बोललो नाही. बागेतल्या मंडळींचे खोटे नव्हते. ते अर्धे खरे होते, आणि अर्ध्या खऱ्याची पंचाईत ही असते, की ते ऐकून माणूस पुरते वागतो. दोन स्क्रू राखण्यासाठी अण्णा चौदा दात देऊन बसायला निघाले होते; त्या स्क्रूंत वहिनींच्या बांगड्या होत्या, म्हणून.

त्याच दिवशी आम्ही दंतवैद्यांकडे गेलो. तरुण बाई, बोलायला मोकळ्या. अण्णांनी त्यांना आपली शंका सांगितली तेव्हा त्या हसल्या नाहीत, ही मला फार मोठी गोष्ट वाटली. त्यांनी जेलीची नळी हातात घेऊन दाखवली. ही जेली उदासीन सोडियम फ्लोराइडची आहे, प्रमाण १.१ टक्का. मी मनात हिशेब केला. फ्लोराइड दशलक्षात पाच हजार, म्हणजे आमच्या निळ्या बाटलीच्या वीस-बावीस पट. पण सामू सात असल्यामुळे हायड्रोफ्लोरिक आम्ल दशलक्षात एक भागाहूनही कमी! तीसच्या सीमेपासून पुष्कळ दूर. कडक पण सालस. उलट सव्वादोनशेचे सौम्य औषध आंबट असले तर ते सीमा ओलांडून जाते. आकडा मोठा म्हणून भ्यायचे नाही आणि आकडा लहान म्हणून गाफील राहायचे नाही.

"मात्र आजोबा," बाई म्हणाल्या, "तुमचं तोंड कोरडं आहे, आंबटपणा धुवायला लाळ नाही. तेव्हा जेली लावण्याआधी चिमूटभर खायचा सोडा पाण्यात घालून चूळ भरा. सोलकढी, लिंबू, चिंच खाऊन लगेच लावू नका. आणि कुठंही नव्या ठिकाणी दात दाखवायला गेलात, तर तोंड उघडायच्या आधी सांगा, की माझ्या तोंडात टायटॅनियम आहे. म्हणजे तुम्हाला कुणी आंबट जेली लावणार नाही."

बाहेर पडताना अण्णांनी मला विचारले, "तुला सगळं माहीत होतं?"

"रसायन माहीत होतं," मी म्हणालो. "तुम्ही जेली बंद केलीत, ते माहीत नव्हतं."

प्रयोगशाळेच्या बाजूनेही दोन शब्द सांगितले पाहिजेत, नाहीतर बागेतल्या मंडळींना मी आणखी एक अर्धे खरे दिल्यासारखे होईल. प्रयोगशाळेत धातूचा तुकडा द्रवात तासन्‌तास, कधी दिवसचे दिवस बुडवून ठेवतात. आपण चूळ भरतो मिनिटभर. निरोगी तोंडात लाळ येऊन औषध पातळ करते, आंबटपणा मारते, आणि प्राणवायू मिळाला की धातूची कातडी पुन्हा धरते. पण उलट बाजूही आहे. स्क्रू आणि वरची दाढ यांच्या फटीत, हिरडीच्या आत, जिथे अन्न कुजते, तिथे प्राणवायू कमी आणि आम्ल जास्त असते. तिथल्या टायटॅनियमवर प्रसंग कठीण येतो. पृष्ठभाग खरखरीत झाला की जंतूंना बिऱ्हाड करायला जागा मिळते. म्हणून ती फट रोज घासून साफ ठेवणे हे सगळ्यांत मोठे औषध. बसवलेल्या दहा इम्प्लांटपैकी नऊंहून जास्त दहा वर्षांनंतरही जागेवर असतात; आणि जे जातात त्यांतले बरेचसे अस्वच्छता, विडी-तंबाखू आणि हाताबाहेर गेलेला मधुमेह यांच्यापायी जातात. साध्या, उदासीन चुळीवर त्याचे खापर फोडता येत नाही.

मला मात्र या साऱ्यात एका गोष्टीचे राहून राहून नवल वाटते. आपल्या तोंडात कोणता धातू आहे, हे किती जणांना सांगता येईल? घरातल्या फ्रिजचा कागद आपण वीस वर्षे जपून ठेवतो, आणि जबड्यात बसवलेल्या वस्तूचा कागद दवाखान्याच्या पायरीवर हरवतो. चुळीच्या बाटलीवर फ्लोराइड किती हे बहुधा छापलेले असते, सामू क्वचितच. तो विचारायला काय हरकत आहे? औषधाच्या दुकानातली सामू-पट्टी फार महाग नसते, आणि घरात शाळेत जाणारे मूल असेल तर ती बहुधा घरातच सापडते.

या दिवाळीला आमच्याकडे फराळ दोन तऱ्हांचा झाला. एक नेहमीचा, कुरकुरीत. नात तारांची पर्वा न करता कडबोळ्यांवर तुटून पडली, आणि तिच्या आईने तिला बेसिनकडे पिटाळले. दुसरा अण्णांसाठी: सायीच्या दुधात मऊ केलेला बेसनाचा लाडू, आणि ताकात भिजवलेले पोहे. कोरड्या तोंडाला चिवडा जात नाही. त्यांचे तेरा दात आणि दोन स्क्रू अजून जागेवर आहेत. चौदाव्याला सिमेंट भरून टेकू दिला आहे; तो किती दिवस काढील ते सांगता येत नाही. रात्री साडेनऊ वाजले की अण्णा सोड्याची चूळ भरतात, पन्हाळीत जेली घालतात आणि दहा मिनिटे अगदी गप्प बसतात. तेवढ्या वेळात त्यांच्याशी कुणी बोललेले त्यांना खपत नाही.